डोळ्यांचा अंदाज आणि रेघांची पिशवी

कापसाची गाडी काट्यावर चढल्याशिवाय जळगाव जिल्ह्यात तिचे पैसे ठरत नाहीत. शेतकरी असो की व्यापारी, डोळ्यांच्या अंदाजावर दोघांपैकी कोणीही विश्वास ठेवत नाही आणि त्यात कोणाला वावगेही वाटत नाही. बाळंतपणानंतर बाईच्या अंगावरून किती रक्त गेले, याचा हिशेब मात्र जगभरातल्या प्रसूतिगृहांत पिढ्यानपिढ्या डोळ्यांनीच केला गेला. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मातांच्या आरोग्यावर जे संशोधन झाले, त्यातील सर्वांत उपयोगी भाग मला विचाराल तर या अंदाजाच्या जागी माप आणण्याचा आहे.

माझी आजी यावल तालुक्यातली. तिच्या माहेरच्या गावची सुईण, दोन जुनेर भिजले की गाडीला बैल जुंपायला सांगत असे, असे आजी सांगायची. लहानपणी मला ती नुसतीच एक गोष्ट वाटे. पुढे वाचनात आले की टांझानियातल्या किगोमा भागात संशोधकांनी नेमकी हीच युक्ती वापरली होती. तिथल्या बायका कमरेला 'कांगा' नावाचे सुती वस्त्र गुंडाळतात. दोन कांगा पूर्ण भिजल्या म्हणजे साधारण अर्धा लिटर रक्त गेले, असे गणित मांडून गावातल्या सुइणींना औषध कधी द्यायचे ते शिकवले गेले आणि २००५ मध्ये त्या कामाचा अहवाल प्रसिद्ध झाला. यावलच्या सुईणीला मिलिलिटर ठाऊक नव्हते, पण कुठल्या खुणेपाशी वाट पाहणे थांबवायचे हे तिने ठरवून ठेवले होते.

ही खूण इतकी महत्त्वाची का, हे समजण्यासाठी शरीराची रचना थोडी पाहावी लागते. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. बाळ जन्मले आणि वार सुटून आली की जिथे ती चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्या बंद करण्याचे काम गर्भाशयाच्या स्नायूंचे असते. एकमेकांत गुंतलेले हे तंतू आवळले गेले की वाहिन्या सुतळीने बांधाव्यात तशा आपोआप बंद होतात. स्नायू सैल राहिला, तर रक्त थांबत नाही, आणि प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावांपैकी बहुसंख्य असे याच कारणाने होतात. अशा बाईला उपचार मिळाले नाहीत, तर तिच्या हाताशी काही तासच असतात. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण वाढलेले असल्यामुळे सुरुवातीला नाडी आणि रक्तदाब बऱ्यापैकी टिकून राहतात, बाई बोलत असते, आणि पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते.

डोळ्यांचा अंदाज किती चुकतो, हे मोजण्याचे एक महत्त्वाचे काम आपल्या शेजारीच, बेळगावात झाले. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर प्लॅस्टिकची एक चादर वापरली. ती बाळंतिणीच्या कमरेखाली अंथरायची, तिची पुढची बाजू नरसाळ्यासारखी निमुळती होत खाली पिशवीत उतरते आणि पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा छापलेल्या असतात. या मापाशी ताडून पाहिले, तेव्हा नजरेने केलेला अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला. त्याच चमूने बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १६२० स्त्रियांवर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी घेतली. ही गोळी मूळची पोटातल्या अल्सरसाठी बनवलेली. ती गर्भाशय आवळते, तिला शीतपेटी लागत नाही आणि ती तोंडाने देता येते. उपकेंद्रांत आणि घरोघरी बाळंतपणे करणाऱ्या परिचारिकांनी ती दिली, आणि अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या रेघांच्या चादरीची मोठी परीक्षा व्हायला मात्र २०२३ साल उजाडले. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतील ८० रुग्णालयांत 'ई-मोटिव्ह' ही चाचणी झाली आणि तिच्यात दोन लाखांहून अधिक प्रसूतींची नोंद घेतली गेली. या चाचणीची रचना मला विशेष आवडते. दोन्ही गटांतल्या रुग्णालयांत चादर वापरली जात होती, पण नेहमीच्या पद्धतीच्या गटातल्या चादरीवर रेघा नव्हत्या. दुसऱ्या गटात रेघा होत्या, आणि रक्त ठरावीक रेघेपर्यंत चढले की काय करायचे तेही ठरलेले होते: गर्भाशय चोळायचे, ते आवळणारे औषध द्यायचे, रक्ताची गुठळी टिकवून धरणारे ट्रानेक्झामिक आम्ल शिरेतून द्यायचे, सलाइन सुरू करायचे, रक्त कुठून येते ते तपासायचे आणि गरज पडल्यास वरिष्ठांना बोलवायचे. यातले एकही पाऊल नवे नाही. फरक एवढाच की पूर्वी ही पावले एकामागून एक, प्रत्येकाचा परिणाम पाहत टाकली जात. इथे ती एकत्र, एका झटक्यात टाकली गेली. नेहमीच्या पद्धतीत जवळजवळ निम्मे अतिरक्तस्राव कोणाच्या लक्षातच आले नव्हते. रेघा असताना ९३ टक्के ओळखले गेले. एक लिटर किंवा अधिक रक्त जाणे, त्यासाठी पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागणे किंवा मृत्यू, या तिन्हींचे मिळून प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. यात मोठा वाटा जास्त रक्त जाणे टळल्याचा होता. मृत्यू मुळातच थोडे असल्याने केवळ त्यांच्या संख्येत निर्विवाद फरक दाखवता आला नाही, हेही सांगायला हवे.

यादीतल्या ट्रानेक्झामिक आम्लाचा शोध जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी लावला, तोही बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांचा विचार मनात ठेवून. १९६२ च्या त्या शोधानंतर बाळंतिणींवर त्याची मोठी चाचणी व्हायला अर्धे शतक लोटावे लागले. २१ देशांतील २०,०६० स्त्रियांवर झालेल्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले: बाळंतपण झाल्यापासून तीन तासांच्या आत औषध दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने घटतात. तीन तासांनंतर दिल्यास फायदा दिसला नाही.

आता औषधाचा प्रश्न. गर्भाशय आवळण्यासाठी सर्वत्र दिले जाणारे इंजेक्शन ऑक्सिटोसिनचे. विन्सेंट द्यू विन्यो यांनी ते १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. औषध उत्तम, पण ते २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो आणि वीज नेमकी तेव्हाच जाते, हे खान्देशात कोणाला सांगायला नको. उन्हात राहिलेली कुपी दिसायला पाण्यासारखी स्वच्छच असते. तिच्यातला जोर कमी झाला आहे, हे टोचणाऱ्या सिस्टरला कळण्याचा काही मार्ग नसतो. म्हणूनच उष्णता सहन करणाऱ्या कार्बेटोसिनची चाचणी महत्त्वाची ठरली. भारतासह दहा देशांतील सुमारे ३० हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ते रक्तस्राव टाळण्यात ऑक्सिटोसिनच्या तोडीचे निघाले, आणि ३० अंशांत ते तीन वर्षे टिकते. ३० अंश आणि ४५ अंश यांत पुष्कळ अंतर आहे, पण शीतसाखळी तुटण्याच्या धास्तीपेक्षा ते परवडले.

सातपुड्यात गोष्ट आणखी आधी सुरू होते. नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण बरेच आहे, त्यामुळे इथल्या गर्भवतीचे हिमोग्लोबिन कमी असण्याचे कारण दर वेळी लोहाची कमतरताच असते असे नाही. नुसत्या लाल गोळ्या हातावर ठेवून ते कारण सापडत नाही, त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. ज्या बाईचे हिमोग्लोबिन सातच्या खाली आहे, तिला अर्धा लिटर रक्त जाणे आणि धडधाकट बाईला तेवढेच जाणे, या दोन निराळ्या घटना आहेत. पाकिस्तान आणि तीन आफ्रिकी देशांतील रक्तक्षय असलेल्या सुमारे १५ हजार स्त्रियांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम रक्तक्षय असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत तीव्र रक्तक्षय असलेल्या स्त्रियांना मृत्यूचा किंवा मृत्यूच्या दारातून परतण्याचा धोका सुमारे सातपट आढळला. त्याच अभ्यासात ट्रानेक्झामिक आम्ल प्रसूतीनंतर लगेच, रक्तस्राव होण्यापूर्वीच देऊन पाहिले. त्याने रक्तस्राव टळला नाही. म्हणजे गरोदरपणात राहून गेलेल्या उपचाराची भरपाई प्रसूतीच्या टेबलावर एका इंजेक्शनने होत नाही. त्यात अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात, आणि माता-बाल संरक्षण कार्डावरचे मधले महिने कोरे राहतात.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंमागच्या तीन विलंबांची मांडणी केली: घरातून निघण्याचा निर्णय घ्यायला उशीर, वाटेत उशीर आणि रुग्णालयात पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवर मधला विलंब सर्वांना दिसतो, कारण तो झोळीत असतो. दोन माणसांच्या खांद्यांवर बांबू, बांबूला बांधलेली झोळी आणि झोळीत कळा देणारी बाई. नर्मदाकाठच्या गावांतून आधी होडी, मग जीप. राज्य शासनाने आदिवासी भागांत 'माहेरघर' सुरू केले ते याच विलंबावर उपाय म्हणून. दिवस भरत आलेल्या बाईने आरोग्य केंद्राच्या आवारातच चार दिवस आधी येऊन राहायचे. कल्पना सयुक्तिक आहे, नावही मोठे गोड आहे, परंतु अशा प्रतीक्षागृहांविषयी जगभरातले अभ्यास गोळा करून पाहणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१२ मधल्या आढाव्यात एकही यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकावी तसे गट पाडून केलेली, चाचणी सापडली नव्हती. घरची गुरे, धाकटी पोरे आणि बुडणारी मजुरी सोडून बाई चार दिवस राहील का, हा प्रश्न इमारतीच्या खर्चापेक्षा अवघड आहे.

तिसऱ्या विलंबाकडे मात्र फार काळ कोणी नीट पाहिलेच नाही. रुग्णालयात बाळंतपण झाले की काम झाले, अशी आपली समजूत होती. उत्तर प्रदेशातील १२० आरोग्य केंद्रांत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्मचाऱ्यांना प्रसूतीची पडताळणी सूची दिली आणि तिच्या वापरासाठी मार्गदर्शकही दिले. दोन महिन्यांत आवश्यक कृतींचे प्रमाण इतर केंद्रांतल्या ४२ टक्क्यांच्या तुलनेत ७३ टक्क्यांवर गेले. तरीही माता आणि नवजात बालकांचे मृत्यू व माता-आजारपण यांत फरक पडला नाही. रक्तपेढी दूर असेल आणि सिझेरियन करणारे कोणी नसेल, तर सूचीतले सगळे चौकोन भरूनही बाई दगावू शकते. देशव्यापी नमुना पाहणीनुसार २०१८-२० या काळात महाराष्ट्राचा मातामृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता आणि देशाचा ९७. पण हा आकडा राज्याचा आहे, त्या पाहणीत जिल्ह्याचा आकडा निघत नाही. अक्राणीतल्या धडगावचे बाळंतपण आणि पुण्याचे बाळंतपण तिथे एकाच सरासरीत बसते.

ई-मोटिव्ह चाचणी ज्या रुग्णालयांत झाली, तिथे हाकेला ओ देणारे दुसरे कोणी तरी होते. सातपुड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता बहुधा एकच सिस्टर असते. पिशवीतले रक्त रेघेवर चढलेले तिला दिसले, तर एका हाताने तिला गर्भाशय चोळायचे असते, दुसऱ्या हाताने शीर शोधायची असते, आणि त्याच वेळी १०८ ला फोन करायचा असतो. उरलेले काम बाळंतिणीबरोबर आलेल्या सासूवर किंवा आशाताईवर येते, आणि पोटावर हात नेमका कुठे ठेवून किती जोराने चोळायचे, हे त्यांना आधी कोणी दाखवलेले असतेच असे नाही.