लाईन गेली तेव्हा आकडे कुठे होते?

मे महिन्याच्या अखेरीस घाटंजी तालुक्यातील एका गावी मी शेतकरी गटाच्या खरिपाच्या मागणीची यादी संगणकावर उतरवत होतो. कोणाला कपाशीच्या बियाण्याची किती पाकिटे, कोणाला तूर किती, कोणाचे क्षेत्र किती एकर, अशा दीडशेएक ओळी होत आल्या असताना वादळ सुटले, चौकातील डीपीवर मोठा आवाज झाला आणि लाईन गेली. फाइलला तोवर मी नावही दिलेले नव्हते. शेजारी बसलेल्या गटाच्या अध्यक्षांनी काळ्या पडद्याकडे पाहत विचारले, "आत्ता तं सारं दिसून रायलं होतं, मंग गेलं कुठी भाऊ?"

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. पडद्यावर जे दिसते ते संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये असते. तेथे प्रत्येक बिट, म्हणजे शून्य किंवा एक ही माहितीची सर्वांत लहान नोंद, हा एका सूक्ष्म संधारित्रातील (विद्युतभार साठवणाऱ्या भागातील) विद्युतभार असतो आणि त्याच्या दारावर एक ट्रान्झिस्टर, म्हणजे उघडझाप करणारी सूक्ष्म कळ, बसवलेला असतो. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना ही रचना १९६६ मध्ये सुचली आणि १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. रचना स्वस्त आणि आटोपशीर आहे. पण हा भार उन्हाळ्यातल्या रांजणासारखा सतत झिरपत असतो. म्हणून संगणक साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधराएक वेळा, प्रत्येक बिट वाचून पुन्हा भरतो. वीज थांबली की भरणारा हात थांबतो आणि रांजण रिकामा होतो. याउलट हार्ड डिस्कवर नोंद चुंबकीय खुणांच्या रूपात आणि एसएसडीमध्ये, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या चिपच्या साठवणीत, वीज वाहू न देणाऱ्या थरांआड कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात राहते. तिला टिकण्यासाठी वीज लागत नाही. 'सेव्ह' करणे म्हणजे रॅममधील आकडे या दुसऱ्या जागी उतरवणे, एवढेच.

वीज जाताच संगणकाने स्वतःच घाईघाईने सारे उतरवून का घेऊ नये, अशी शंका येणे साहजिक आहे. टेबलावरच्या संगणकाचा वीजपुरवठा-संच आतल्या संधारित्रांच्या बळावर पूर्ण भाराखाली जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. म्हणजे एक आवर्तन पुरे होण्याच्या आत खेळ संपलेला असू शकतो.

म्हणूनच 'रिकव्हरी' या शब्दाने फसू नये. रॅममधून गेलेले परत आणता येत नाही. आधीच कोठेतरी गुपचूप उतरवलेली प्रत शोधता येते. एक्सेलमधील ऑटोरिकव्हर ही सोय मूळ मांडणीनुसार दर १० मिनिटांनी अशी प्रत काढते. त्या संध्याकाळी उशिरा लाईन आल्यावर एक्सेल उघडले, तेव्हा डाव्या बाजूच्या पट्टीत ती प्रत माझी वाट पाहत होती. शेवटच्या दहा-बारा ओळी मात्र नव्हत्या, आणि त्या कोठेही नव्हत्या. त्या कागदावरून पुन्हा भरल्या.

फाइल बंद करताना चुकून 'डोन्ट सेव्ह' दाबले गेले असेल, तर प्रकार थोडा वेगळा असतो. तेव्हा 'फाइल'मधील 'इन्फो', त्यातील 'मॅनेज वर्कबुक' आणि त्याखालील 'रिकव्हर अनसेव्हड वर्कबुक्स' येथे पाहावे. कधीच सेव्ह न केलेल्या फाइलींच्या प्रती तेथे चार दिवस राहतात, त्यामुळे बाजाराच्या दिवसापर्यंत थांबू नये. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्येही अशीच सोय आहे, शिवाय प्रत्येक सेव्हच्या वेळी आधीची प्रत बाजूला ठेवण्याचा पर्याय तेथे निवडता येतो. फोल्डरमध्ये कधी कधी '~$' या चिन्हांनी सुरू होणारी छोटी फाइल दिसते आणि अनेकांना आशा वाटते. पण तिच्यात फाइल कोणी उघडली आहे एवढीच नोंद असते, आकडे नसतात.

दुसरी हानी पेन ड्राइव्हची. २००७ पासून एक्सेलची नेहमीची फाइल ही खरे तर अनेक छोट्या एक्सएमएल (खुणा घातलेल्या साध्या मजकुराच्या) फाइली दाबून एकत्र बांधलेली झिप-मोट असते आणि त्या मोटेत काय कोठे आहे याची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिलेली असते. नक्कल पूर्ण होण्याआधी पेन ड्राइव्ह ओढला की शेपूट तुटते आणि बराचसा मजकूर आत असूनही फाइल उघडत नाही. अशा वेळी मूळ फाइलीला हात न लावता तिची नक्कल करावी आणि त्या नकलेवर एक्सेलचा 'ओपन अँड रिपेअर' हा पर्याय वापरून पाहावा.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत आणि माझ्या मते त्यांत पहिला सर्वांत मोलाचा आहे: पहिली ओळ भरण्याआधीच फाइलला नाव देऊन ती सेव्ह करावी, म्हणजे पुढे प्रत्येक वेळी कंट्रोल-एस एवढेच पुरते. ऑटोरिकव्हरचा काळ 'ऑप्शन्स'मधील 'सेव्ह' येथे १० वरून दोन मिनिटांवर आणावा. वनड्राइव्ह किंवा गूगल शीट्सवर काम काही सेकंदांतच जतन होत जाते, अर्थात नेटवर्क असेल तर. मात्र तेथे चूकही तितक्याच तत्परतेने जतन होते. आमच्या गटात एकदा नावांचा स्तंभ तेवढा अकारविल्हे लावला गेला, एकरांचा तसाच राहिला, आणि चार एकरवाल्याला चाळीस एकरांची पाकिटे आली. 'व्हर्जन हिस्टरी'तून आदल्या दिवशीची आवृत्ती काढली तेव्हा भांडण मिटले.

यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर काही मिनिटे संगणक चालवणारा बॅटरीचा संच, अवश्य घ्यावा, पण टिनाच्या छपराखाली नव्हे. त्यातील शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २५ अंश सेल्सिअस धरून सांगितलेले असते आणि दर १० अंशांच्या वाढीने ते साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. म्हणून मृगाच्या आधी एकदा फाइल सेव्ह करून, बंद करून, भिंतीवरचे बटण आपणच बंद करावे आणि संगणक किती मिनिटे चालतो ते घड्याळ लावून पाहावे. आमचा यूपीएस गेल्या खेपेला चार मिनिटे टिकला. सेव्ह करून संगणक नीट बंद करायला तेवढी पुरतात. पुढच्या ओळी भरत बसायला पुरत नाहीत.