राखणीची बंदूक : शेतीसंरक्षण परवान्यामागचा इतिहास

कोकणात ऑक्टोबर लागला की हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात कापणीला येतं आणि गरव्याला, म्हणजे उशिराच्या भाताला लोंब्या भरायला लागतात. रानडुकरं उतरतात ती याच दिवसांत. दहा-बारा जनावरांचा कळप एका रात्री कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात शिरला तर खाण्यापेक्षा तुडवणं आणि लोळणं जास्त होतं. सकाळी बांधावर उभं राहिलं की वरवंटा फिरवल्यासारखं भात आडवं पडलेलं दिसतं. अशा वेळी ज्याच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आणि बंदूक आहे, त्याची बंदूक घरात असायला हवी. आता विधानसभा निवडणुकांच्या तारखा पाहा : २००९ ला १३ ऑक्टोबर, २०१४ ला १५ ऑक्टोबर, २०१९ ला २१ ऑक्टोबर, २०२४ ला २० नोव्हेंबर. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो. सरसकट सगळ्यांच्या बंदुका घेऊ नयेत, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांच्या छाननी समितीने माणूस पाहून ठरवावं, अशा निवडणूक आयोगाच्याच सूचना आहेत. तरी गावात निरोप येतो तो बहुधा सगळ्यांना एकच. पीक उभं असतं आणि ते राखायची बंदूक ठाण्याच्या कोठडीत दुसऱ्या बंदुकांना टेकून ठेवलेली असते.

ही वेळ अशी का जुळून येते, आणि शेतकऱ्याच्या हातात नेमकी हीच बंदूक का आली, हे समजायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

आपल्याकडे बंदूक त्याच्याही कितीतरी आधी समुद्रावरून आली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि पश्चिम किनाऱ्यावर तोड्याच्या बंदुका पसरायला लागल्या. काडतूस आणि पिस्तूल हे आपले रोजचे शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेत. तोड्याच्या बंदुकीला जळती वात लागायची, चकमकीच्या बंदुकीला गारगोटी. दोन्ही पावसापुढे हरायच्या. मग अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ मध्ये ठोक्याने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे तांब्याची छोटी टोपी निघाली, आमच्याकडे तिला केप म्हणतात. टोपीने दारूला ठिणगी देणारी, तोंडातून भरायची ही ठासणीची बंदूक कोकणच्या घराघरांत टिकली. बाकी जग काडतुसाकडे गेलं त्यानंतरही ती इथे राहिली, आणि याचं कारण कायद्यात आहे.

कोल्हापूर-सावंतवाडीकडे १८४४ साली गडकऱ्यांनी, म्हणजे किल्ल्यांवरच्या शिबंदीने बंड केलं. पुढे १८५७ झालं. लोकांच्या घरातली शस्त्रं काढून घेतल्याशिवाय राज्य टिकणार नाही हे इंग्रजांना तेव्हा पक्कं कळलं, आणि १८६० पासूनच निःशस्त्रीकरणाचे कायदे सुरू झाले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने १८७८ मध्ये सगळ्या देशाला लागू होणारा शस्त्र कायदा आणला. त्याच वर्षी त्याने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदाही केला होता. वर्तमानपत्रांवरचा कायदा त्याच्यानंतर आलेल्या रिपनने चार वर्षांत रद्द केला. शस्त्रांचा मात्र राहिला. गोऱ्या माणसाला त्यातून सूट होती आणि हिंदी माणसाला परवाना. हा उघड वर्णभेद काढायला १९२० चे नियम यावे लागले. शस्त्र कायद्यावर काँग्रेसने अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून ठराव केले. गांधीजींनी १९३० मध्ये व्हाइसरॉय आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या ही एक होती. पुढच्या वर्षी काँग्रेसच्या कराचीच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला गेला. घटनेत तो आला नाही.

पण इंग्रज सरकारला जंगलाकाठचा शेतसारा बुडूनही चालणार नव्हतं. वाघ, लांडगा मारणाऱ्याला बक्षीस मिळायचं आणि जनावरांपासून पीक राखणाऱ्या कुळाला बंदुकीचा वेगळा परवाना. एका हाताने शस्त्र काढून घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्यातलं सर्वांत दुबळं परत द्यायचं, अशी ती रीत होती. ठासणीच्या बंदुकीने पलटण उभी राहत नाही, डुक्कर मात्र पळतं. कर्नाटकातल्या कोडगूचे कोडव लोक यातून सुटले. इंग्रजांनी त्यांना १८६० च्या दशकात परवान्यातून सूट दिली, ती आजही शस्त्र कायद्याच्या ४१ व्या कलमाखाली चालू आहे आणि २०१९ च्या अधिसूचनेने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. कैलपोळ्ध या सणाला तिथे बंदुकांची पूजा होते. आमच्याकडे दसऱ्याला होते, बंदूक घरात असेल तर.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याचं तेरावं कलम शेतकऱ्याने सावकाश वाचण्यासारखं आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी परवाना मिळतो तो ठासणीच्या बंदुकीचा. ती पुरणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर त्याला गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते, पण तिची नळी वीस इंचांपेक्षा आखूड नसावी. म्हणजे शेताला काय लागतं याचा निवाडा शेताबाहेरच होतो. अमेरिकेतल्या पशुपालकाशी ताडून पाहिलं तर फरक लगेच कळतो. त्याने १८८७ ची .२२ लाँग रायफल गोळी उंदीर-सशांसाठी निवडली, विंचेस्टरची १८९४ ची लिव्हरची रायफल घोड्याच्या खोगिराला लावली, आणि रूगर कंपनीने १९८० च्या दशकात आपल्या एका बंदुकीला ‘रँच रायफल’ असं नावच दिलं. तिथे काम पाहून हत्यार ठरत गेलं. इथे १८७८ सालची भीती १९५९ च्या कायद्यात तशीच उतरली आणि हत्यार तिने ठरवलं.

तरी गुळगुळीत नळीचा आग्रह अगदीच चुकीचा नाही, हे मान्य केलं पाहिजे. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यामुळे गोळी गरगरत जाते आणि .२२ सारखी लहान गोळीसुद्धा किलोमीटरभर लांब जीव घेऊ शकते. कोकणातली वाडी म्हणजे दहा घरं, मध्ये पाणंद, पलीकडे दुसरी वाडी. तिथे रात्री रायफलचा बार काढणं म्हणजे शेजाऱ्याच्या पडवीत गोळी धाडणं. छर्रे पांगतात आणि त्यांचा जोर लवकर मरतो, बारीक छर्रे तर दोन-तीनशे मीटरांत निकामी होतात. बारा बोअर हे नावही आपल्याकडे सगळे घेतात, अर्थ थोड्यांना ठाऊक असतो : त्या नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घेतली तर एका पौंडात बारा भरतात. नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. भारतात बारा बोअरची काडतुसं पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्यात बनतात. त्यांच्या पितळी बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरं कोकणातल्या शेतात नांगरताना आजही सापडतात.

तरीही ठासणीची आणि काडतुसाची यांत अंतर फार आहे. माझ्या आजोबांकडे, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, ठासणीची होती. दिवेलागणीला ती माजघरातल्या खुंटीवरून खाली यायची. नळी उभी धरून तात्या वरून दारू सोडायचे, त्यावर काथ्याचा बोळा, मग लांब गज घालून ठक ठक ठासायचं. गज नळीबाहेर किती बोटं उरला ते मोजून भरणा बरोबर झाला की नाही ते त्यांना कळायचं. त्यावर छर्रे, पुन्हा बोळा. केप मात्र खिशात, मेणकापडात. ती शेतातल्या माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर पोचल्याशिवाय घोड्याखाली बसवायची नाही हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. मग रात्रभर माळ्यावर जागल. पहाटेच्या दवाने दारू सादळली की घोडा पडायचा, केप फुटायची आणि बार निघायचाच नाही, किंवा क्षणभर थांबून निघायचा. त्या क्षणात डुक्कर हललेलं असायचं. दुसरा बार भरायला मिनिट-दोन मिनिटं. तात्या तर म्हणायचे, “बार जमिनीक लागलो तरी चालात, डुकराच्या कानाक लागाक व्हयो.” आवाजच त्यांचं खरं हत्यार होता. हे मी कौतुकाने सांगत नाही. छर्रे खाऊन अर्धवट जखमी झालेलं डुक्कर झाडीत चार-चार दिवस कुजत मरतं, आणि मरेपर्यंत वाटेत येणाऱ्या माणसावर धावतं. दुबळं हत्यार देणं म्हणजे दया नव्हे. त्याचा त्रास जनावरालाही होतो.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो यायला हवाच होता. कोकणातल्या रानात तोवर शिकारी एवढ्या झाल्या होत्या की भेकर, साळिंदर दुर्मीळ व्हायला लागले होते, आणि त्यातल्या कितीतरी शिकारी शेतीसंरक्षणाच्याच बंदुकांनी झाल्या. शेतापेक्षा रानात जास्त फिरलेल्या बंदुका प्रत्येक गावाला ठाऊक आहेत. हाकाऱ्याच्या शिकारीत झुडूप हललं म्हणून बार काढला आणि पुढे आपलाच माणूस निघाला, असे मृत्यूही कोकणाने पाहिलेत. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीचा शेवटचा दरवाजाही लागला. अभयारण्याच्या दहा किलोमीटर परिसरात नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. राधानगरी आणि चांदोलीच्या उतारांखालच्या गावांना हे कलम थेट लागतं, आणि जनावरांचा त्रासही त्यांनाच जास्त आहे.

खरी गाठ इथे पडली. बंदूक मिळते ती शस्त्र कायद्याखाली, महसूल आणि पोलिसांकडून. जनावर येतं वन्यजीव कायद्याखाली, वनखात्याच्या ताब्यात. एका कागदावर लिहिलेलं असतं की ही बंदूक पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरांसाठी आहे. त्या जनावराला मारायचं तर वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली दुसरी परवानगी हवी, आणि ती प्रत्येक जनावराला मिळतही नाही. रानडुकराला मिळू शकते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने डुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, यांच्यासाठी ही वाट थोडी सोपी केली. पण नारळाच्या बागेत सर्वांत जास्त नासधूस करणारं लाल तोंडाचं माकड २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. गवा पहिल्या अनुसूचीत, मोरही तिथेच. पहिल्या अनुसूचीतलं जनावर पिकासाठी मारता येत नाही. म्हणजे परवानाधारकाने शहाळी आणि कोवळे नारळ खाली पडताना बघत आभाळात बार काढायचा. माकडं तीन दिवसांत त्या आवाजाला सरावतात.

बाकी राज्यांनी वेगवेगळं करून पाहिलं. केंद्राने २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये नीलगाय आणि डुक्कर, उत्तराखंडात डुक्कर आणि हिमाचलात माकड यांना मर्यादित काळासाठी उपद्रवी ठरवलं. बिहारच्या मोकामा भागात जून २०१६ मध्ये बाहेरून नेमबाज बोलावून नीलगायी मारल्या आणि केंद्रातल्याच दोन मंत्र्यांत जाहीर वाद पेटला. हिमाचलात परवानगी मिळूनही माकडावर बंदूक उचलायला फारसे कुणी पुढे आले नाहीत. मारुतीचं जनावर ते. मला केरळची रीत सर्वांत विचाराची वाटते : २०२२ पासून तिथे ग्रामपंचायतीचा अध्यक्ष रानडुक्कर मारायचा आदेश देऊ शकतो आणि परवानाधारक नेमबाजांची यादी पंचायतीकडे असते. बंदूक कुणाकडे आहे, ती कधी उचलायची आणि हिशेब कुणाला द्यायचा हे तिन्ही एकाच ठिकाणी ठरतं. महाराष्ट्रात तीन ठिकाणी ठरतं.

या दरम्यान बंदुका कमी होत चालल्यात. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच हत्यारं आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली, तेवढी सोय. पण परवानाधारक वारला की बंदूक जमा होते आणि वारसाला नव्याने अर्ज करावा लागतो. मुलगा मुंबईला असतो, तो कशाला खेटे घालील? तिच्या जागी दुसऱ्याच वस्तू आल्या. विदर्भात कुंपणाच्या तारेत विजेचा धक्का सोडणारं झटका मशीन, कोकणात सौर कुंपण, आणि सगळीकडे प्लास्टिकच्या पाइपाची कार्बाइडवर फुटणारी नळी. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच नळ्यांनी कित्येक मुलांचे डोळे गेले. जिथे काहीच नाही तिथे फासे आणि घरगुती विजेच्या उघड्या तारा. त्यात डुकरं मरतात, बिबटे मरतात, पहाटे पाणी लावायला गेलेली माणसंही मरतात. परवान्याची बंदूक अवघड करून ठेवल्याने शेतं शांत झाली असं मला कुठे दिसलं नाही.

तात्या गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. बंदूक काकांनी ठाण्यात नेऊन दिली आणि वारसाच्या अर्जाला दोनदा हेलपाटे घालून तिसऱ्यांदा गेले नाहीत. जमा केल्याची पावती आईच्या ट्रंकेत आहे, तिच्यावर नळीची लांबी इंचांत लिहिलेली आहे. गज मात्र घरीच राहिला. यंदा गरवं भात पिकलं तेव्हा चुलतभावाने माळ्यावर पत्र्याचा डबा टांगला होता आणि तो त्याच गजाने वाजवत होता.