काम संपलं की फुली नको, साइन आउट
(सर्व्हरवर टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

सर्व्हर म्हणजे काय, हे या पत्रकात सांगायचं नाही. तुम्ही रोज आपल्या कॉम्प्युटरवरून, रिमोट डेस्कटॉपच्या विंडोतून, त्यावर बिलं टाकता, लेजर बघता, रिपोर्ट काढता. तरीही दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची रिटर्न भरण्याच्या धांदलीत, आम्हाला तेच तीन फोन येतात. "फाइल लॉक दाखवतेय." "रिपोर्ट सेव्ह केला, पण सापडत नाही." "काम करताना मधेच बाहेर काढलं."

पहिल्या फोनमागचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं : स्क्रीनच्या वरच्या निळ्या पट्टीवरची फुली.

फुली दाबली की तुमच्या कॉम्प्युटरवरून ती विंडो जाते. सर्व्हरवर मात्र तुमचं टॅली, तुमचं एक्सेल, अर्धवट व्हाउचर (व्यवहाराची एंट्री), सगळं तसंच उघडं राहतं. दुकानातले दिवे घालवले आणि शटर उघडंच ठेवून घरी गेलात, असा तो प्रकार आहे. प्रोग्रॅम चालूच राहतील असा संदेश विंडोज दाखवतं, पण तो वाचतो कोण?

यातून काय होतं ते बघा. रविवार पेठेतल्या दुकानात अकाउंटंट बँकेच्या सीसीसाठी (कॅश क्रेडिट कर्जासाठी) स्टॉक स्टेटमेंटचं एक्सेल उघडतो, आकडे भरतो, सेव्ह करतो आणि फुली दाबून निघून जातो. रात्री शेठ कोथरूडला घरी बसून तीच फाइल उघडतात. फाइल दुसऱ्याने उघडली आहे, फक्त वाचता येईल, असं उत्तर येतं. शेठ घाईत असतात. ते दोन आकडे बदलतात आणि दुसऱ्या नावाने सेव्ह करतात. सकाळी फोल्डरमध्ये दोन स्टेटमेंट असतात, आणि बँकेत नेमकं जुनं जातं. मग फोन आम्हाला, तोही "तुमचा सर्व्हर गडबड करतो" अशा सुरात.

बरोबर पद्धत अशी : टॅलीतून बाहेर पडा, एक्सेल बंद करा, मग सर्व्हरच्या स्क्रीनवरचं स्टार्ट, तिथे स्वतःच्या नावावर क्लिक, आणि साइन आउट. तिथल्याच पॉवरच्या बटणात 'डिसकनेक्ट' दिसतं, त्याच्या नादी लागू नका. ती फुलीच आहे, फक्त दुसऱ्या जागी. एवढंही लक्षात राहत नसेल तर तुमच्या सर्व्हरच्या डेस्कटॉपवर आम्ही 'काम संपलं' नावाचा लाल आयकॉन ठेवलाय. सगळं सेव्ह करून त्यावर डबल क्लिक केलं की झालं.

काहीजण विचारतात, "मग पाच मिनिटांत तुम्हीच का बंद करून टाकत नाही?" करता येतं, सेटिंग एका मिनिटाचं आहे. पण गुरुवारी महावितरणची दुरुस्ती निघाली आणि भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये वीज गेली, तर चाळीस ओळींचं खरेदीचं व्हाउचर अर्धवट असताना ते सेशन, म्हणजे सर्व्हरवर उघडं असलेलं तुमचं काम, मारायचं का? वीज आल्यावर पुन्हा लॉगिन केलं की कर्सर जिथे होता तिथेच सापडतो, ही तर सर्व्हरवर काम करण्याची खरी सोय. शिवाय टॅली उघडं असताना सेशन जबरदस्तीने बंद केलं तर डेटा बिघडू शकतो आणि दुरुस्तीत आपला सगळ्यांचाच वेळ जातो. म्हणून जोडणी तुटल्यावर सेशन आपोआप बंद होण्यासाठी आम्ही दोन तासांची मुदत ठेवली आहे, आणि ती कमी करणार नाही.

अडचण येते ती रात्री. बॅकअप दहा वाजता सुरू होतो आणि पेठांतली दुकानं आठ-नऊला बंद होतात, म्हणजे फुली मारून गेलेल्यांची सेशन तेव्हाही उघडीच असतात, आणि बॅकअपआधी ती बंद करावी लागतात. साडेनऊला आमचा माणूस एकेकाला फोन करतो : "एंट्री सेव्ह केलीत ना? बंद करू का?" जेवताना असा फोन आला तर रागावू नका. प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांना हिशेबाचा बॅकअप रोज आणि भारतातल्याच सर्व्हरवर ठेवणं ऑगस्ट २०२२ पासून बंधनकारक आहे. प्रोप्रायटरी आणि भागीदारी फर्मचाही आम्ही तसाच घेतो, वेगळे पैसे न लावता.

आता न सापडणारा रिपोर्ट. तो हरवलेला नसतो, सर्व्हरच्या डेस्कटॉपवर असतो. तुम्ही शोधता स्वतःच्या. सर्व्हरवर त्या फाइलवर कॉपी करा, विंडो लहान करा, आपल्या डेस्कटॉपवर पेस्ट करा. मोठ्या फाइली असतील तर जोडणीच्या सेटिंगमध्ये 'लोकल रिसोर्सेस'खाली आपल्या ड्राइव्हवर एकदा टिक करून ठेवा. मग तुमचा डी ड्राइव्ह सर्व्हरच्या आतच दिसतो आणि टॅलीतून थेट तिथे एक्सपोर्ट होतं. सर्व्हरवर व्हॉट्सअॅप वेब मात्र मिळणार नाही. पीडीएफ आधी स्वतःकडे घ्या, मग हव्या त्याला पाठवा.

मधेच बाहेर काढलं जाणं म्हणजे एकच युजर दोघांनी वापरणं. दुसरा आत आला की पहिल्याचं सेशन त्याच्याकडे जातं. त्यात कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे : कोणती एंट्री कधी बदलली याची नोंद राहायलाच हवी. सगळेच एका नावाने शिरले तर ती नोंद बघून कळणार काय? सर्व्हरवर आणि टॅलीच्या आतही, ज्याचा त्याचा युजर हवा. जास्तीच्या युजरचं भाडं तुमच्या अकाउंटंटच्या एका दिवसाच्या पगाराहून कमी पडतं. सीएंसाठी फक्त बघण्यापुरता युजर हवा असेल तर तोही देतो.

आधी व्हीपीएन (सर्व्हरपर्यंतची सुरक्षित खाजगी जोडणी) आणि मग पुन्हा पासवर्ड, ही कटकट वाटते हे मान्य. पण रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट, म्हणजे सर्व्हरमध्ये शिरायचं दार, इंटरनेटवर उघडा टाकला की पासवर्ड ओळखू पाहणारे प्रोग्रॅम त्यावर रात्रंदिवस धडका देत राहतात, आणि रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरण्याची ती नेहमीची वाट आहे. स्वस्तात उघडा सर्व्हर देणारे भेटतील. हा पोर्ट उघडा ठेवता का, एवढं एकच त्यांना विचारून बघा.

अकाउंटंट नोकरी सोडून गेला तर त्याच दिवशी कळवा, त्याचा युजर लगेच बंद करू. नव्या माणसाला अर्धा तास शेजारी बसवून सगळं दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. मार्चअखेरसाठी जास्तीचे युजर लागणार असतील तर फेब्रुवारीतच सांगून ठेवा. २८ मार्चला सगळेच मागतात.