पार्श्वभूमी : रत्नागिरीची घटती माणसे, पडीक खाचरे आणि बंद घरे

2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात 16,96,777 माणसे होती. 2011 मध्ये 16,15,069 उरली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना इथली घटली, शेजारच्या सिंधुदुर्गाचीही घटली. हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया हा आकडा कौतुकाने सांगितला जातो, पण तो मुख्यतः मुंबईला गेलेल्या पुरुषांचा हिशेब आहे.

जाणे जुनेच. आधी पलटण, मग गिरण्या. भातावर वर्ष निघत नसे आणि खोतीच्या गावांत पिकाचा अर्धा नाहीतर तिसरा हिस्सा खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, घरी जाई. 1949 च्या कायद्याने खोती संपली.

खरा वाद 1 एप्रिल 1957 चा. कुळकायद्याने त्या दिवसापासून दुसऱ्याची जमीन कसणारी कुळे तिची मालक मानली गेली. 'कुळकायद्याने कोकण ओसाड केले' हे वाक्य आजही ऐकू येते, बहुधा ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याच घरांतून. पिढ्यानपिढ्या चिखलणी-लावणी करणाऱ्याला खाचर मिळाले, यात ओसाड होण्यासारखे काय? उलट व्यवहार तोंडी, पावती नाही, म्हणून कित्येक कुळांची नोंदच झाली नाही. खरी आहे ती नंतरची धास्ती. जमीन कसायला दिली तर कुळ लागेल, म्हणजे कसणारा तिच्यावर हक्क सांगेल, या भीतीने चाकरमानी खाचरात गवत माजू देतो, पण शेजाऱ्याला एक पावसाळा देत नाही. त्यात वाटण्या झालेल्या नाहीत. सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची वीस-वीस नावे आणि सह्या करणारे विरार-डोंबिवलीपासून दुबईपर्यंत पांगलेले.

1990 पासून रोजगार हमीतून फळबागांना शंभर टक्के अनुदान मिळू लागले आणि वरकस, म्हणजे भात न होणाऱ्या हलक्या जमिनीच्या, उतारांवर हापूस-काजूची कलमे उभी राहिली. कलमांना रोजची हजेरी लागत नाही, त्यामुळे दूरच्या मालकाची सोय झाली. खाचरांना त्याचा फायदा नाही.

जुन्या घरांचे दुखणे वेगळे नाही. जांभ्याच्या भिंती टिकतात. जाते ते छप्पर. पावसाळ्याआधी कौले परतायला कोणी नसले की गळती, मग वाळवी, मग वासे. मंगळुरी कौलांनी ही कटकट कमी केली, संपवली नाही. घर सामाईक असल्याने दुरुस्तीचा खर्च एकाचा आणि हक्क सगळ्यांचा. म्हणून ज्याच्या हाती पैसा येतो तो जुन्याला हात न लावता आपल्या वाट्याच्या तुकड्यावर स्लॅबचे घर बांधतो.