वाम कुठली आणि समुद्री साप कुठला

समुद्रावरचा माहितीपट लागला की घराघरांत एक वाक्य ठरलेलं असतं. प्रवाळाच्या कपारीतून लांबट तोंड बाहेर येतं, जबडा उघडतो, मिटतो, परत उघडतो आणि कोणीतरी ओरडतं, "बघ बघ, साप!" खरं तर ती मोरे ईल असते, आपल्या वामीच्या नात्यातली, म्हणजे मासा. थोड्या वेळाने खराखुरा समुद्री साप वाळूलगत सरकत जातो, तेव्हा तीच मंडळी विचारतात, "ही पण ईलच ना?" टीव्हीपुढे अशी चूक झाली तर कोणाचं काही बिघडत नाही. पण हीच गल्लत गोव्यात बाणावलीच्या नाहीतर मोरजीच्या वाळूवर होते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, वर येते, मासळीचा ढीग पडतो, त्यात एखादा समुद्री साप वळवळत असतो आणि सुट्टीला आलेलं एखादं पोर ईल समजून त्याची शेपटी धरायला धावतं. आईबाप शेजारी उभे राहून फोटो काढत असतात. हे बघून जीव खालीवर होतो, म्हणून हा फरक एकदा नीट लिहायचा आहे.

वामीबद्दल फार सांगत बसत नाही. म्हापशाच्या किंवा मडगावच्या मासळीबाजारात जाणाऱ्याला ती माहीत असते: लांबलचक, करडी-चंदेरी, बिनखवल्यांची, हातातून निसटणारी, दातांनी भरलेली. ती कल्ल्यांनी श्वास घेते. पाठीवरून निघालेला तिचा पर शेपटीला वळसा घालून तसाच पोटाखाली येतो. मोरे ईल त्याच गणातली. तिच्या सुमारे २०० जाती आहेत आणि वामीला कल्ल्यांमागे असतात ते दोन पर तिला नसतात. म्हणून ती वामीपेक्षाही जास्त सापासारखी दिसते.

समुद्री साप मात्र सर्वार्थाने साप आहे. नाग आणि मण्यार ज्या कुळातले, त्याच कुळातला. फुफ्फुस, खवले, दुभंगलेली जीभ, पुढच्या बाजूला विषदंत, सगळं आहे. जगात त्याच्या साठाहून जास्त जाती आहेत. आपल्याकडच्या जाळ्यांत मुख्यतः दोन येतात, बीक्ड सी स्नेक आणि आखूड, जाड बांध्याचा शॉर्ट सी स्नेक. हे साप अंडी घालत नाहीत, पाण्यातच पिल्लांना जन्म देतात. उभा जन्म समुद्रात जातो.

रंग, पट्टे, ठिपके, लांबी, जाडी यांवरून ओळखायला जाऊ नका. पट्टे दोघांतही असतात, ठिपके दोघांतही असतात. जिभेचाही उपयोग नाही, कारण पाण्यात असताना सापाच्या जिभेची फक्त टोकं बाहेर येतात आणि ती कॅमेऱ्यात क्वचितच दिसतात.

आता शेपटी. "समुद्री सापाची शेपटी चपटी असते" हे वाक्य ज्याच्या-त्याच्या तोंडी आहे आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार याच वाक्याबद्दल आहे. ते खरं आहे, पण त्याने घोटाळा मिटत नाही, उलट वाढतो. सापाची शेपटी उभी चपटी, वल्ह्यासारखी असते, हे मान्य. पण मोरेचंही मागचं अंग दोन्ही बाजूंनी दाबलेलं असतं आणि त्यावर पराची झालर उभी असते. निळ्या, अंधुक पाण्यात दोन सेकंदांचं दृश्य सरकून गेलं तर दोघांचीही शेपटी चपटीच दिसणार. शेपटीकडेच बघायचं असेल तर चपटेपणा कुठून सुरू होतो ते बघा. मोरेची झालर डोक्यामागूनच सुरू होते आणि शेवटपर्यंत अखंड जाते. सापाच्या पाठीवर अशी काहीही झालर नसते. त्याचं अंग सापाचंच राहतं आणि अगदी शेवटी शेपटीचा भाग एकदम रुंद होतो.

पण खरी ओळख शेपटीत नाही, श्वासात आहे. एवढी एक गोष्ट ध्यानात राहिली तर बाकी सगळं विसरलं तरी चालेल.

मोरे पाण्यातच श्वास घेते. तोंडाने पाणी आत घ्यायचं, कल्ल्यांवरून न्यायचं आणि डोक्यामागच्या छोट्या गोल भोकातून बाहेर सोडायचं, हे तिचं अखंड चाललेलं काम. म्हणून तिचा जबडा सतत उघडझाप करतो. त्या जबड्यात राग नसतो, धमकी नसते, चावण्याची तयारीही नसते. आपली छाती वरखाली होते तितकीच ती साधी क्रिया आहे. माहितीपट बनवणारे नेमक्या याच क्षणी खाली घुमणारं संगीत घालतात, कधी वरून फुत्कारासारखा आवाजही जोडतात. पाण्याखालच्या दृश्यांचे बहुतेक आवाज नंतर स्टुडिओत चढवलेले असतात, हे फार कमी प्रेक्षकांना ठाऊक असतं. श्वास घेणाऱ्या प्राण्याला असं खलनायक केलेलं मला अजिबात खपत नाही. मोरेच्या तोंडात खरंच थक्क करणारं काही दाखवायचं असेल तर तिचा दुसरा जबडा दाखवा. तिच्या घशात जबड्यांची आणखी एक जोडी असते. भक्ष्य पुढच्या दातांत पकडलं की ही मागची जोडी पुढे येऊन त्याला घशात ओढते. हे नेमकं कसं घडतं ते संशोधकांनी २००७ साली वेगवान कॅमेऱ्याने टिपून जगापुढे आणलं.

साप पाण्यात श्वास घेऊच शकत नाही. त्याला कल्ले नाहीत. कातडीतून थोडाफार ऑक्सिजन शोषला जातो, पण त्यावर भागत नाही. हवेसाठी त्याला वर यावंच लागतं. त्याचं सगळं शरीर या एका गरजेभोवती घडलेलं आहे. नाकपुड्या मुस्कटाच्या वरच्या बाजूला असतात, म्हणजे पाण्याबाहेर जेमतेम नाकाचं टोक काढलं तरी पुरतं. बुडी मारताना त्या आतून झडपेने बंद होतात. एकच लांब फुफ्फुस जवळजवळ अंगभर पसरलेलं असतं आणि पाण्यात वर-खाली होताना तोल सांभाळायलाही तेच कामी येतं. अशा तयारीवर तो साधारण अर्धा तास खाली राहतो, काही जाती त्याहून कितीतरी जास्त. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्याजवळ तेलकंपन्यांच्या पाणबुडी यंत्रांच्या कॅमेऱ्यांना २०१४ आणि २०१७ मध्ये समुद्री साप जवळपास २४५ मीटर खोलीवर दिसले. तिथूनही पुढचा श्वास पृष्ठभागावरच घ्यायचा.

गंमत म्हणजे पाण्यात राहूनही त्याला समुद्राचं पाणी पिऊन जगता येत नाही. जिभेखालची ग्रंथी अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकते, पण तहान भागते ती गोड्या पाण्यावर. पिवळ्या पोटाच्या समुद्री सापावर झालेल्या अभ्यासातून दिसलं की जोराच्या पावसानंतर समुद्रावर गोड्या पाण्याचा पातळ थर साचतो, तो हे साप पितात. कोरड्या महिन्यांत त्यांच्या अंगातलं पाणी उतरतं.

तर पडद्यावर काय बघायचं? प्राणी तळ सोडून सरळ वर निघाला, पृष्ठभागाला नाक लावलं आणि परत खाली वळला तर तो साप, शंका नको. कपारीत मागचं अंग रोवून तोंडाची उघडझाप चालू असेल तर ती मोरे. अडचण अशी की संकलन करणारे बहुतेकदा नेमका हा वर जाण्याचा भाग कापतात. शिकारीत थरार असतो, श्वासात त्यांना तो दिसत नाही. मग प्रेक्षकाच्या हाती उरते ती पट्ट्यापट्ट्यांची एक लांब आकृती, आणि घोटाळा तिथेच होतो. समुद्री साप दाखवताना तळापासून पृष्ठभागापर्यंतची एक पूर्ण फेरी न तोडता दाखवणारा माहितीपट मला दहा पाठलागांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

आणखी एक खूण, जिच्यासाठी चित्राकडे बघायचीही गरज नाही. निवेदक जागेचं नाव सांगतो ते ऐका. बहामा, कॅरिबियन, भूमध्य समुद्र यांपैकी काही असेल तर तिथे समुद्री साप असूच शकत नाही. अटलांटिक महासागरात समुद्री सापांची वस्तीच नाही. ते हिंदी आणि प्रशांत महासागरांत राहतात. मोरे मात्र उष्ण कटिबंधात जवळपास सगळीकडे आहे. आपल्याकडे ग्रँड आयलंडजवळ डायव्हिंग करणाऱ्यांनाही ती खडकांत भेटते. राहिली इलेक्ट्रिक ईल. ती समुद्रातली नाही आणि खरी ईलही नाही, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला तो वेगळाच मासा आहे. तो हवा घ्यायला वर येतो म्हणून वरच्या नियमाने फसाल, पण नदी दिसली की हा प्रश्नच मिटला.

जाणकारही जिथे अडखळतात अशी एकच जोडी आहे, पट्टेरी सी क्रेट हा साप आणि पट्टेरी स्नेक ईल हा मासा. दोघांच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे, दोघांची जाडी जवळपास सारखी, दोघंही प्रवाळाच्या उथळ पाण्यात. विषारी सापाचं सोंग घेतल्याने माशाला मोठे मासे टाळतात, असं मानलं जातं. इथे शेपटी कामाला येते, पण उलट्या बाजूने. या स्नेक ईलच्या शेपटीला पर नसतो, ती कडक टोकाने संपते आणि त्या टोकाने ती वाळूत मागच्या मागे शिरते. सी क्रेटची शेपटी रुंद आणि बोथट. शिवाय सी क्रेट हा समुद्री सापांमधला निराळा प्राणी आहे. तो जमिनीवर येतो, खडकांत पहुडतो, अंडीही तिथेच घालतो. माहितीपटांत हाच जास्त दिसतो, कारण स्वच्छ पाण्यात तो सहज चित्रित करता येतो. भारतात तो अंदमान-निकोबारला आहे. त्याला बघून "आपले समुद्री सापही किनाऱ्यावर चढून येतात" असा समज होतो, तो काढून टाका. गोव्याच्या किनाऱ्यावर जे साप मिळतात त्यांना पोटाखाली जमिनीवर सरकायला लागतात तसे रुंद खवले नसतात. लाटेने वाळूवर फेकलेला असा साप धड पुढे जात नाही, मागे जात नाही. तो बाहेर आलेला नसतो, अडकलेला असतो.

श्वासाचा हा मुद्दा आपल्या जेटींवर येऊन फार कठोर होतो. ट्रॉलरचं जाळं तासन्‌तास पाण्याखाली ओढलं जातं. आत सापडलेल्या वामीला तिथे श्वास घेता येतो, सापाला येत नाही. तो बुडून मरतो, किंवा अर्धमेला होऊन डेकवर पडतो. मालिमला नाहीतर कुटबणला मासळी निवडताना असा निपचित पडलेला साप दिसला की तो मेला असं धरून चालतात. हवा मिळाल्यावर तो हळूहळू सावरतो आणि नेमका हात लागेल तेव्हा चावू शकतो. अनुभवी खलाशी त्याला सावकाश उचलून परत पाण्यात सोडतात, त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली या सापांना संरक्षण आहे, त्यांना ठेचून मारणं गुन्हा आहे.

आणि ती एक लोणकढी थाप, की समुद्री सापाचं तोंड इतकं बारीक असतं की तो फक्त बोटांच्या बेचक्यात चावू शकतो. साफ खोटं. बीक्ड सी स्नेक काटेरी कॅटफिश, म्हणजे आपली शिंगाळी, अख्खी गिळतो. त्याला माणसाचा हात किंवा पाय पकडणं जड नाही. एरवी हे साप शांत असतात, पोहणाऱ्याच्या वाटेला जात नाहीत. दंश बहुतेकदा जाळं हाताळताना होतात आणि त्यांतल्या कित्येकांत विष उतरतही नाही. पण उतरलं तर ते स्नायूंवर जातं. मोरेचा चावा लगेच कळतो: फाटलेली जखम, रक्त, नंतर जखम चिघळण्याची भीती, पण विषदंत नाहीत. सापाचा दंश मात्र सुरुवातीला जवळजवळ दुखत नाही, सूज फारशी येत नाही आणि माणूस घरी निघून जातो. मग अंगभर स्नायू दुखू लागतात, मान-जबडा आखडतो, लघवी गडद तपकिरी होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. आपल्या दवाखान्यांत मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं असतं, समुद्री सापावरचं नव्हे. त्यामुळे उपचार म्हणजे वेळेवर देखरेख, सलाईन, गरज पडली तर डायलिसिस आणि श्वासाचं यंत्र, म्हणजे बांबोळीसारखं मोठं रुग्णालयच. आवळपट्टी बांधू नका, जखम कापू नका, चावलेला भाग हलवू नका, दुखत नसलं तरी निघा. आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा, की हा दंश समुद्रातल्या सापाचा आहे. साप पकडून सोबत न्यायची गरज नाही.