पार्श्वभूमी : घरट्याचा हंगाम आणि पोकलेनचा हंगाम

गेल्या फेब्रुवारीत आमच्या गावाबाहेरच्या मुरूम खदानीत शृंगी घुबडाची तीन अंडी दिसली. घरटं म्हणावं असं काही नव्हतंच. ना काडी, ना पिस. कड्याच्या एका खाचेत मुरमातच उथळ खळगा, त्यात पांढरी गोल अंडी. मादी कानांवरची पिसं उभारून, नारिंगी डोळे अर्धवट मिटून बसलेली. खाली सात-आठ फुटांवर टिप्परच्या चाकांचे ताजे माग. पोकलेनवाल्या भाऊंना बोलावून दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि खदानीच्या दुसऱ्या टोकाला मशीन लावली. तसं करा असं सांगणारा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता. तो कागद का नाही, याला बराच इतिहास आहे.

आधी हंगामाचं गणित. आपल्याकडे दिवाळी आटोपली की काळी माती वाळते आणि कामं सुरू होतात, कारण पावसाळ्यात या मातीत मशीन रुतते. मृगाच्या आत रस्ता उरकायचा असतो. नेमक्या याच महिन्यांत शिकारी पक्षी वीण घालतात. गिधाडं साधारण ऑक्टोबर ते मार्च, शृंगी घुबड नोव्हेंबर ते एप्रिल, तिसा फेब्रुवारी ते मे, शिक्रा मार्च ते जून. मशीनच्या धडधडीनं मादी उठली आणि तासभर परतली नाही, तर एप्रिलच्या उन्हात उघडी पडलेली अंडी-पिल्लं जगत नाहीत. फांदीला हातही लागलेला नसतो, तरी वीण गेलेली असते.

विणीचा काळ जपावा हा विचार कायद्यात जुना आहे. 1887 च्या ब्रिटिश कायद्यात विणीच्या दिवसांत मारलेले ठरावीक पक्षी बाळगण्या-विकण्यावर बंदी होती. पुढे 1912 चा कायदा आला आणि त्यानंतर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. या शेवटच्या कायद्यातली शिकारीची व्याख्या प्रत्येक ठेकेदाराला वाचून दाखवावी अशी आहे. पक्ष्याची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं हीसुद्धा शिकारच, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. पण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बंदूक आणि फासे होते. पोकलेनचं बकेट त्यांच्या कल्पनेत नव्हतं.

नव्वदच्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात पक्षीतज्ज्ञ विभू प्रकाश यांच्या नोंदींमधून गिधाडं झपाट्यानं कमी होत असल्याचं पुढे आलं. 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात 99 टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांना विषासारखं भोवतं, हे कारण 2004 मध्ये समोर आलं आणि 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. विषाकडे लक्ष गेलं हे योग्यच झालं. पण गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. गडचिरोलीत वनविभागानं गिधाडांसाठी उपाहारगृहं, म्हणजे मेलेली जनावरं खायला ठेवण्याच्या जागा, उभारली, तरी घरटं असलेलं अर्जुनाचं उंच झाड पडलं तर त्या जोडीचं अख्खं वर्ष वाया जातं.

मेळघाटाची गोष्ट थोडी वेगळी. 1884 नंतर नामशेष झाला असं वाटणारा रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं एक लहान घुबड, 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही दिसला. तो झाडांच्या ढोलीत घरटं करतो. मेळघाटातून जाणाऱ्या अकोला–खंडवा रेल्वेच्या रुंदीकरणाला विरोध झाला आणि पर्यायी मार्गाचा आग्रह धरला गेला, तेव्हा नाव मुख्यतः वाघाचं होतं. त्या आग्रहाचा फायदा पिंगळ्याच्या ढोलींनाही आहे. पेंचमधून जाणाऱ्या महामार्गाखाली भुयारी मार्ग झाले तेही वाघासारख्या प्राण्यांसाठी. जिथे वाघ नाही, त्या कपाशी-तुरीच्या शिवारात घरट्याचं नाव घेणारा कुणी नसतो. बांधावरच्या बाभळीत घरटं करणारी कापशी घार दिवसभर शेतातले उंदीर वेचते, पण तिची बाभूळ रुंदीकरणात आली तर कुणी विचारत नाही. झाडांसाठी वृक्ष प्राधिकरण नेमणारा 1975 चा राज्याचा कायदा नागरी भागापुरता आहे.

मातीचंही तसंच. 28 मार्च 2020 च्या केंद्राच्या अधिसूचनेनं रस्ते, रेल्वे, पाइपलाइन अशा प्रकल्पांसाठी साधी माती खोदायला पर्यावरण मंजुरीतून सूट दिली. चार वर्षं ती चालली. 21 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण खेड्यातलं घरटं रस्त्यापेक्षा रस्त्याच्या भरावासाठी खोदलेल्या खड्ड्यात जास्त सापडतं.

अमेरिकेत 2007 पासून टकल्या गरुडासाठी मार्गदर्शक सूचना आहेत. घरट्यावरून दिसणारं बांधकाम 660 फूट, म्हणजे सुमारे 200 मीटर, दूर ठेवायचं आणि गोंगाटाची कामं विणीनंतर करायची. आपल्याकडे मुरमाच्या परवान्यावर गट क्रमांक असतो, किती ब्रास ते असतं, रॉयल्टीची रक्कम असते, मुदत असते. त्यातच "नोव्हेंबर ते एप्रिल उभा कडा सोडून खोदावे" एवढी एक ओळ घालता येते. निविदा निघण्याआधी दिवाळीच्या सुमारास गावातल्या गुराख्याला सोबत घेऊन एक फेरी मारली तरी निम्मी घरटी कळतात. कोणत्या झाडावर घार बसते ते त्याला पाठ असतं.

आमच्या खदानीतल्या अंड्यांतून पिल्लं बाहेर आली आणि उडता येण्याआधीच चालत कपारींत पांगली. शृंगी घुबडाची पिल्लं असंच करतात, म्हणून खळगा रिकामा दिसला तरी धोका टळलेला नसतो. पोकलेनवाल्या भाऊंना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी आणखी तीन आठवडे तो कडा सोडला. तिथला मुरूम अजून शिल्लक आहे. पुढच्या परवान्याचा अर्ज दिवाळीनंतर जाईल.