मनातली छाटणी: पक्षाघातानंतरच्या एका उपचाराची पार्श्वभूमी

मामांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. दिंडोरीकडची द्राक्षबाग, सगळं आयुष्य कात्रीवर गेलेलं. नाशिकला फिजिओथेरपी सुरू झाली तेव्हा ताई म्हणाल्या, "काका, डोळे मिटा. ऑक्टोबर छाटणी चाललीय. काडी धरा, तिच्यावरचे डोळे मोजा, आता कात्री दाबा." हात मांडीवर निपचित होता, पण मामांच्या कपाळावर घाम आला. बाहेर आल्यावर मामींनी मला हळूच विचारलं, "हे असं मनात करून काय होणार?"

मामींचा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर बरंच जुनं आहे. शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी १९३०च्या सुमारास दाखवलं होतं, की हात वाकवण्याची नुसती कल्पना केली तरी त्या स्नायूत बारीक विद्युत हालचाल होते. पुढे १९९५ मध्ये मेंदूतज्ज्ञ अल्वारो पास्कुअल-लिओने यांनी काही जणांना पाच दिवस, रोज दोन तास पियानोवर बोटांचा एक सराव करायला लावला. काहींनी तोच सराव फक्त मनात केला. मेंदूतला बोटांचा नकाशा दोन्ही गटांत सारखाच बदलला. वाजवण्यात मनातला गट थोडा मागे होता, पण प्रत्यक्ष सरावाच्या एकाच बैठकीत त्याने ती कसर भरून काढली.

पक्षाघातात बिघाड हातात नसतो, मेंदूत असतो. रक्तपुरवठा तुटून जो भाग गेला, त्याचं काम उरलेल्या भागाला शिकावं लागतं आणि ते शिकणं शेकडो आवर्तनांनीच होतं. लुळा हात आवर्तनं करणार कशी? ही अडचण सोडवायला मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांचा आरसा कामी आला. हात कापून काढल्यावरही त्या नसलेल्या हातात जाणवणाऱ्या वेदनांसाठी त्यांनी तो वापरला होता. १९९९ मध्ये पक्षाघाताच्या नऊ रुग्णांवर तोच करून पाहिला गेला: चांगला हात हलवायचा आणि आरशातल्या त्याच्या प्रतिबिंबात जणू लुळा हातच हलताना बघायचा.

मनातल्या सरावाला मर्यादाही आहेत. स्टीफन पेज यांच्या २००७च्या चाचणीत ३२ रुग्ण होते. व्यायामाला कल्पनेची जोड मिळालेल्यांचे हात जास्त सुधारले. पण २०११ मध्ये ब्रिटनमधल्या १२१ रुग्णांच्या चाचणीत निव्वळ कल्पनेचा फायदा दिसला नाही. मला हा फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

व्हीआरचा, म्हणजे संगणकाने उभ्या केलेल्या आभासी जगाचा, हेडसेट या वाटेवर उशिरा आला. डोक्यावर चढवायचा पडदा इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्येच बनवला होता, पण उपचारात हे तंत्र रुळलं ते घरगुती व्हिडिओ गेम स्वस्त झाल्यावर. रुग्णाला पडद्यावर आपला हात काम करताना दिसतो आणि कंटाळा न येता आवर्तनं वाढतात. तरी २०१६ मध्ये १४१ रुग्णांच्या चाचणीत गेम खेळणारे आणि पत्ते, बिंगो खेळणारे सारखेच सुधारले. २०१७ मध्ये ७२ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. नेहमीच्या व्यायामाऐवजी व्हीआर दिला तर हाताला जास्त लाभ दिसला नाही, व्यायामाच्या जोडीला दिला तर दिसला.

म्हणून हेडसेट परवडत नाही याचं दुःख मी मामींना करू दिलं नाही. सकाळच्या चहानंतर मामा दहा मिनिटं मनात छाटणी करतात आणि लगेच दोरीवर कपड्यांचे चिमटे लावायला बसतात. परवा चार लावले, पाचवा निसटला. मामींनी तो उचलून पुन्हा त्यांच्या उजव्या हातात दिला.